मामाच्या पाकिटावरचा शेरा

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय, उद्यापर्यंत दम निघणार नाही! आधीच सांगतो — भूत, भानामती असल्या गोष्टींना मी कायम हसत आलोय. पण हे...

आम्ही सुरतला कतारगाममध्ये राहतो, मूळचे चोपड्याकडचे. गेल्या महिन्यात ताईचं लग्न झालं. मामाची पत्रिका खरं तर हातात द्यायची असते. पण अण्णांना, म्हणजे वडिलांना, लूमच्या कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून आईनं हळदकुंकू लावून पाकीट पोस्टात टाकलं.

लग्नाला आठवडा उरला आणि पाकीट परत! न फोडलेलं. वर निळ्या पेनानं एकच शब्द — ‘मयत’.

आईनं रडत रडत अंगावर गार पाणी ओतून घेतलं. लग्न पुढे ढकलायची बोलणी सुरू झाली. मला मात्र संशय... मामाच्या गावचा शिक्का होता, पण शेऱ्याखाली सही नाही. आमच्या पोस्टमनला विचारलं, सही लागते ना? तो हसला. "कायदो तो छे भाई, पण पाळे कोण?"

अण्णा तसेच भुसावळ पॅसेंजरमध्ये बसले आणि दुसऱ्या दिवशी मामालाच घेऊन आले! धडधाकट. वर पत्रिका नाही म्हणून फुगलेला. तिकडचा पोस्टमन म्हणे, असं पाकीट आलंच नाही.

आई त्याचा हात सोडेना. तो म्हणाला, "वाढ वं ताई, मयतले भूक लागनी."

सगळे हसलो. मग अण्णांनी पाकीट पुढे केलं... त्याचा घास हातातच राहिला.

"अक्षर ते मनंच शे," तो हळूच म्हणाला. "पन मी लिखेल नही."

मी राखीच्या वेळचं त्याचं पत्र शेजारी धरलं. सेम अक्षर! मला वाटलं, मामाच चेष्टा करतोय. पण त्यानं ताईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. भाचीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं कोण बोलेल?

लग्न झालं. मामा वरातीत नाचला. आई नवरानवरीकडे नाही, त्याच्याकडेच बघत होती.

आणि आज दुपारी मामाचं आंतरदेशीय आलंय, पत्ता त्याच अक्षरात. आई फोडू देत नाहीये. म्हणते, "आधी त्याला डोळ्यांनी बघून ये, मग फोडू."

मी बॅग भरलीय. काय असेल, खरंच कळत नाही... तुमच्याकडे कधी असं पाकीट परत आलंय का हो?