दुसऱ्या गावचा पाऊस

त्या घरात सकाळी डोळे उघडले की पहिली हाक फोनला पडायची. तोंडं नंतर धुतली जायची. खाटेवरच्या सासूबाई उशीला टेकून बसायच्या, हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "बघू गं, आज काय म्हणतंय?" मग सून पदराला हात पुसत फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची. फोनच्या पहिल्याच पानावर, घड्याळाच्या खाली, हवामानाचा एक मोठा चौकोन होता. त्यात सूर्य असला की सासूबाईंना खाली अंगणात न्यायचं. ढगातून रेघा पडत असल्या की नाही न्यायचं. कायदा एवढाच होता आणि त्यावर अपील नव्हतं.

खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. विचारणाऱ्याने त्या घरात एक दिवस राहून दाखवावं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांना खिडकी एकच, आणि तीही इमारतीच्या मधल्या बोळकांडीत उघडणारी. समोर भिंत, भिंतीवर पाइप, वर कुठेतरी पत्रा. बाहेर ऊन रणरणत असो नाहीतर आभाळ कोसळत असो, आत सदानकदा तोच राखाडी उजेड. पाण्याचा आवाज यायचा तो वरच्या बिऱ्हाडांच्या न्हाणीघरांचा, आणि तो बाराही महिने यायचा. अशा घरात माणसाला आभाळ दिसायचं तर ते फोनमध्येच.

सून एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पांढरे डगले, अभ्रे, टेबलावरची कापडं, असा सगळा डोंगर तिच्या पुढ्यात यायचा. वाफेच्या इस्त्रीशी दिवसभर उभं राहायचं, बसायला स्टूलसुद्धा नाही. इमारतीत तिला सगळे इस्त्रीवालीच म्हणत. तिचं तिलाही त्यात काही वाटेनासं झालं होतं. नवरा ट्रकवर. तो महिन्यातून कधी दोनदा उगवायचा, कधी एकदाच, आणि आला की पहिले दोन दिवस नुसता झोपायचा. त्यालाही काय बोलणार?

सासूबाईंचे गुडघे गेले, त्यात त्या मोरीत पडल्या, आणि त्यानंतर जिना त्यांच्यापुरता संपला. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण घरी येऊन बघून गेली. जाताना इस्त्रीवालीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "यांना रोज ऊन मिळायला हवं, आणि सपाट जमिनीवर थोडं तरी चालायला हवं. घरात चालायला जागा नाही तुमच्या. एकदा यांनी अंथरूण धरलं तर मग काही उठत नाहीत या." सांगून ती गेली. सांगणाऱ्याचं काय जातं म्हणा.

तेव्हापासून खुर्ची सुरू झाली. हात असलेली एक लाकडी खुर्ची होती, तिला जाड पट्टे बांधून घेतले. पुढून इस्त्रीवाली, मागून वॉचमनदादा आणि मध्ये सासूबाई, अशी ती वरात रोज सकाळी जिना उतरायची. अंगणात बाकावर सासूबाईंच्या मैत्रिणी बसलेल्या असत. त्यातली एक तळमजल्यावरची निवृत्त नर्सबाई. ती सासूबाईंचा हात धरून त्यांना भिंतीच्या कडेकडेने चालवायची आणि गप्पा मारता मारता चार पावलांची आठ करून घ्यायची. इस्त्रीवाली कामावर निघायच्या आत हीच वरात पुन्हा वर चढायची. एवढं झाल्यावर ती बस पकडायला पळायची, आणि तिथून पुढे तिचा दिवस सुरू व्हायचा.

आधी यावरून रोज कटकट होती. सासूबाईंना भुरभुर पाऊस असला तरी जायचं असायचं. इस्त्रीवालीला लख्ख ऊन असलं तरी जीव नको म्हणायचा. "थोडं आभाळ दिसतंय हो आई," ती म्हणायची. "तुझ्या मनातच आभाळ आहे गं," असं सासूबाईंचं उत्तर तयार. शेवटी नणंद आली. ती मोबाइलच्या दुकानात कामाला होती. तिने वहिनीच्या फोनवर पहिल्या पानावर तो चौकोन आणून बसवला, त्यातलं चित्र मोठं केलं, आणि दोघींच्या मध्ये फोन ठेवून म्हणाली, "आता भांडायचं असेल तर याच्याशी भांडा." तेवढ्यावर न थांबता तिने भावाचा ट्रक जिथे जिथे जातो ती गावंही त्यात भरून ठेवली. बोटाने चौकोन आडवा सरकवला की गाव बदलायचं. म्हणजे आईला लेकाकडचं हवामानही कळेल. त्यात दूर दक्षिणेकडच्या घाटातलं एक गाव असं होतं, की तिथे थंडीतसुद्धा कधी बघावं तर ढग आणि रेघा. पावसाने तिथे जणू बिऱ्हाडच केलं होतं.

फोन निवाडा द्यायला लागला आणि कटकट मिटली खरी. पण थकवा काही फोन बघून येत नाही. थंडीचे दिवस सुरू झाले, रोज चौकोनात गोल पिवळा सूर्य, आणि रोज वरात. एके दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर इस्त्रीवालीच्या कमरेत अशी कळ आली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खुर्ची कलली. वॉचमनदादाने मागून कशीबशी सावरली. सासूबाई कठडा गच्च धरून बसल्या होत्या.

"जड झाले गं मी," त्या म्हणाल्या.

"छे हो आई, पाय घसरला माझा."

त्या दिवसापासून ती साडीच्या आतून कमरेला पट्टा बांधून कामावर जाऊ लागली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवरा म्हणाला असता, आईला ताईकडे पाठवू. नणंदेच्या एका खोलीत आधीच पाच माणसं होती. आणि लाँड्रीत कळलं असतं तर उद्यापासून येऊ नका म्हणाले असते. नाही म्हणायला कुणाला तरी तोंड उघडावं लागतं, आणि ते तोंडच तिला नव्हतं.

मग ती सकाळ आली. फोन उशीखाली राहिला होता, कसा कोण जाणे चौकोन सरकला होता. सासूबाईंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई! पाऊस? या दिवसांत?"

इस्त्रीवालीने वाकून बघितलं. खाली बारीक अक्षरांत घाटातल्या गावाचं नाव होतं. सासूबाईंना बारीक अक्षर लागायचं नाही. सांगायला तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात सासूबाईंनी खाली जायला म्हणून खांद्यावर घेतलेली शाल काढली, नीट घडी केली आणि म्हणाल्या, "राहिलं मग. जा, आवर तू तुझं."

तिने तोंड मिटलं. त्या सकाळी तिने भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हातांत कप धरून, बसून चहा प्यायला. किती दिवसांनी बसली होती, तिचं तिलाच आठवेना. कपातला चहा संपला तरी ती कप धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी फोन आपोआप सरकला नाही. तिनेच सरकवला.

एकदा लागलेली चटक सुटत नाही, आणि विश्रांतीसारखी चटक नाही. आज कंबर फार दुखतेय, आजच्यापुरतं. उद्या चादरींचा मोठा लॉट आहे, उद्यापुरतं. घाटातल्या त्या गावानेही तिला कधी दगा दिला नाही. वॉचमनदादाला सांगितलं, आईंना बरं नाही. सासूबाई म्हणायच्या, "काय मेला अवेळी पाऊस लागलाय यंदा! छत्री घेऊन जा हो." मग छत्री न्यावी लागली. नेलेली छत्री कोरडी कशी परत आणायची? तर संध्याकाळी येताना तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात झाडणाऱ्यांसाठी नळ होता, त्याखाली ती छत्री धरायची, झटकायची आणि टपटप गाळत घरात शिरायची. लख्ख कोरड्या संध्याकाळी, चांगली घरंदाज बाई, नळाखाली छत्री भिजवत उभी! बघणाऱ्याने कपाळाला हात लावला असता. तिला स्वतःचीच शरम वाटायची, पण शरम वाटायलाही अंगात थोडी ताकद लागते.

सासूबाई मात्र दिवसेंदिवस शहाण्या झाल्या होत्या. हट्ट नाही, टोमणा नाही. फोन बघायच्या, शाल घडी करायच्या. इस्त्रीवालीला हायसं वाटायचं आणि शालीच्या त्या घडीकडे बघवायचंही नाही.

एक दिवस लाँड्रीतला बॉयलर बिघडला आणि सगळ्यांना दुपारीच सोडलं. ती जिना चढून आली, सवयीने नळाशी थांबली, छत्री उघडली आणि नळाला हात घातला. घराचं दार अर्धवट उघडं होतं. आतून नर्सबाईंचा आवाज येत होता. एवढे तीन मजले ती म्हातारी चढून आली होती.

"वेड लागलंय का तुला? कसला पाऊस? डोळे दिपतील असं ऊन आहे बाहेर. तुझी जागा धरून बसतो आम्ही रोज."

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे? मग?"

"छत्री ओली असते आणि चपला कोरड्या. एवढं कळतं मला." सासूबाई जरा हसल्या असाव्यात. "तुला सांगते, कूस बदलताना पोरगी तोंडात पदर धरते. मला झोप कुठे येते, सगळं ऐकू येतं. तिला मला 'नाही' म्हणवत नाही. आणि मला तरी कुठे कधी म्हणवलं, की राहू दे आज? ऊन दिसलं की अधाशासारखी हात पुढे करते मी. आता ती पाऊस दाखवते, तर मी बघते पाऊस."

"आणि तुझे पाय? आता मोरीपर्यंत जायला किती वेळ लागला, बघितलं मी."

"लागतो हल्ली जास्त. ते तिला सांगू नकोस."

बाहेर नळ वाहत होता. छत्रीवरून पाणी तिच्या पावलांवर पडत होतं आणि तिच्या लक्षात नव्हतं. चपला पार भिजल्या तेव्हा तिने नळ बंद केला. नर्सबाई बाहेर आल्या. त्यांनी छत्रीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "कमरेला शेक घे रोज," एवढंच म्हणाल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या.

इस्त्रीवाली आत गेली. छत्री दारातच टाकली. फोन काढला आणि सासूबाईंच्या समोर, त्यांना दिसेल असा धरून, चौकोन सरकवला. गाव बदललं. पिवळा सूर्य आला.

"ऊन आहे, आई. चला."

"आत्ता? वॉचमन कुठे असेल या वेळी?"

"बोलावते. पाया पडते त्याच्या. पण चला." तिचा आवाज फाटत होता. "मी फार वाईट केलं, आई."

ती कोपऱ्यातली खुर्ची ओढायला वाकली आणि तिथेच थांबली. एक हात कमरेवर गेला. ओठ दाताखाली धरून ती तशीच अर्धी वाकलेली राहिली.

सासूबाई खाटेच्या कडेला सरकल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. "सरकव परत."

"काय?"

"ते घाटातलं गाव. सरकव आणि आडवी हो."

"आई, तुमचे पाय..."

"पायांचं मी बघते. आज पाऊस आहे म्हटलं ना मी? सासूचं ऐकावं कधीतरी."

तिने सरकवलं. ढग आला, रेघा आल्या. ती खाटेशेजारी जमिनीवरच आडवी झाली, ओल्या पावलांनी, कामावरच्याच साडीत. सासूबाईंनी वरून शाल टाकली. ती शाल डोक्यावरून घेऊन रडली, आणि रडता रडताच, भर दुपारी, तिला झोप लागली.

तिचा श्वास संथ झालेला ऐकला तशा सासूबाई सावरून बसल्या. दोन्ही हात गुडघ्याखाली घालून त्यांनी एक पाय वर उचलला, जरा धरला आणि खाली ठेवला. मग दुसरा. खाट करकरू नये म्हणून जपून, ओठ घट्ट मिटून, त्या पुन्हा पहिल्या पायाकडे वळल्या.