ऋजुता म्हणजे

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयात कारकून असलेल्या माझ्या वडिलांची बदली भोपाळला झाली. आई तेव्हा गरोदर होती. नव्या गावात आमचं कुणी नव्हतं. बाळंतपण शेजारच्या चाचींनीच निभावलं. मी सात वर्षांची होते.

मुलगी झाली. वडिलांनी नाव ठेवलं ऋजुता. असं नाव तोवर आम्ही कुणाचंच ऐकलं नव्हतं.

"रिजुता? मतलब?" चाचींनी विचारलं.

"रिजुता नाही, ऋजुता," आईनं सुधारलं.

"संस्कृत शब्द है," वडील म्हणाले. "ऋजु यानी सीधा. जिसके मन में टेढ़ापन नहीं."

दुसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घालताना आई मला म्हणाली, "त्यांचा अर्थ असेल बरोबर. मला मात्र त्यात रुजणं ऐकू येतं. आपण या गावात रुजावं म्हणूनच ही आली."

मी ते वडिलांना सांगितलं. ते हसले. "शब्दाचं मूळ तसं नाही गं. पण तिला सांगू नकोस."

ऋजुता भिंतीला धरून चालायला लागली आणि त्याच हिवाळ्यात तिला घटसर्प झाला. घसा सुजला, श्वास घरघरू लागला. वडील तिला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेले. परत आले ते तिला दुपट्यात गुंडाळूनच. एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. बायका स्मशानात जात नसत. वडील आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "कुठे ठेवलंत?"

"कडुनिंबाखाली. सावली आहे."

त्यानंतर घरात कुणी ते नाव घेतलं नाही. काही महिन्यांनी चाची सहज बोलून गेल्या, "हमारी रिजुता होती तो अब दौड़ती." आईनं उच्चार सुधारला नाही. चाचींच्या मांडीवर डोकं ठेवून ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

वडील निवृत्त झाले तेव्हा नागपूरला परतायचं ठरत होतं. काकांनी घरही बघून ठेवलं होतं. सामान बांधायची वेळ आली तशी आई म्हणाली, "तुम्ही जा. लेकीला इथे एकटी टाकून मी येणार नाही."

वडिलांनी काकांना नको म्हणून कळवलं आणि भोपाळच्याच अशोका गार्डन वस्तीत दोन खोल्या घेतल्या. दोघंही शेवटपर्यंत तिथेच राहिली.