जळत्या झुडपाचं कार्ड

घराला कुलूप लावायची वेळ आली आणि आता म्हणे दारावरची पाटी रंगवा! पाळकसाहेबांनी मला आमच्या मंडळीचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा माझ्या मनात आलं ते हे असं. आमची मंडळी म्हणजे सुरतेतली मराठी प्रेस्बिटेरियन मंडळी. सकाळी गुजराती उपासना आटोपली की दुपारी त्याच चर्चमध्ये आमची मराठी. एके काळी बाकं पुरायची नाहीत. आता अकरा जण उरलो होतो, त्यातले चार कानानं अधू. नाताळनंतर मराठी उपासना बंद करून गुजरातीत मिसळायचं ठरलं होतं. आणि इकडे भेस्तानला घरी माझी बायको अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले, "घरीच ठेवा, काका," म्हणाले. त्या दिवसांत मी प्रार्थनेला गुडघे टेकायचो आणि तसाच उठायचो, तोंडातून शब्दच निघायचा नाही. वर कुणी ऐकत असेल यावरचा माझा विश्वास उडाला होता, हे आज कबूल करतो.

मंडळीच्या सभांची जुनी वही मी घरी आणली. हिच्या खाटेशेजारी बसून मोठ्यानं वाचायचो, तेवढाच तिला विरंगुळा. नगर-जालन्याकडून गिरणीच्या कामाला आलेले पहिले सात संसार, गुजराती भावांनी दिलेली दुपारची वेळ, पहिला बाप्तिस्मा, पुराच्या पाण्यात गेलेली बाजाची पेटी, सगळं त्यात होतं. आणि पानोपानी कार्डांची नोंद. आमच्यात जुनी रीत आहे. प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात मंडळीचे वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले कारभारी, घरोघरी जातात, विचारपूस करतात आणि प्रत्येकाला नाव लिहिलेलं कार्ड देतात. त्यावर झुडपाचं चित्र असतं, बायबलमधल्या मोशेनं पाहिलं तसं, जळतंय पण भस्म होत नाही. रविवारी ते कार्ड तबकात टाकायचं आणि मग भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. ज्याचं वागणं मंडळीला पटलं नाही, त्याला कार्ड नाही. फक्त आयुष्यातलं पहिलं कार्ड परत मिळतं, जपून ठेवायला. मी तीस वर्षं वडील होतो आणि कार्डांच्या बाबतीत भारी कडक. डाइंग मिलमध्ये कापड तपासायचं काम केलेला माणूस मी, एक डाग दिसला की अख्खा ताका बाजूला.

वाचता वाचता एक पान आलं आणि ते मी गुपचूप उलटलं. ही डोळे मिटून पडली होती.

"पान का उलटलंत?" ती म्हणाली.

"चिकटलं होतं."

"खोटं बोलू नका. वाचा की. मी होते त्या दिवशी तिथं."

अक्षर माझंच होतं, चांगलं वळणदार. आमच्या एस्तेरनं बुलढाण्याकडच्या एका हिंदू मुलाशी, लूमवर काम करणाऱ्या, कोर्टात लग्न केलं, सबब तिचं कार्ड रोखावं. सूचना मांडणारा मी, तिचा बाप. बाकीचे वडील म्हणत होते, "जाऊ द्या हो, पोर आहे." मीच हटून बसलो. घरापासूनच सुरुवात केली की उद्या कुणी बोट दाखवायला नको, ही माझी ऐट. त्या रविवारी पोरगी शेवटच्या बाकावर येऊन बसली. भाकरीचं ताट माझ्या हातात होतं. तिनं हात पुढे केला आणि मी ताट घेऊन पुढे गेलो. तेवढं मात्र वहीत लिहिलेलं नाही. त्याला नऊ वर्षं झाली. ती पुन्हा आली नाही, फोनचा नंबरही बदलला. हिनं मला त्यावरून कधी एका शब्दानं छेडलं नाही, आणि तेच जास्त लागायचं.

मी वाचून संपवलं.  मग ही म्हणाली, "मला एकदा प्रभुभोजन घ्यायचंय. एस्तूबरोबर. नाहीतर नको मला."

मी दोन कार्डं लिहिली, एक हिचं, एक एस्तेरचं. वडिलांच्या सभेला विचारलंसुद्धा नाही. तिसरं माझं लिहायला घेतलं, पण हातच चालेना. ते कोरंच वहीत ठेवून दिलं.

एस्तेर सुरतेबाहेर सचिन गावाच्या बाजूला राहते, एवढंच उडत उडत कानावर आलं होतं. शेजारणीला हिच्यापाशी बसवून मी तीन दिवस दुपारी सचिनला गेलो. बुलढाण्याची माणसं कुठं राहतात, असं विचारत एका चाळीतून दुसऱ्या चाळीत फिरलो. कुणी म्हणायचं, "क्या काम है, चाचा?" काय काम सांगणार? बापाला स्वतःच्या मुलीचं घर माहीत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? तिसऱ्या दिवशी पाय भरून आले. भजियांच्या एका लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, बाकड्यावर बसलो आणि मनात म्हटलं, देवा, तू नाहीसच. असतास तर त्या रविवारी माझा हात धरला असतास. ही अशीच जाणार, वाट बघत, आणि मी असाच उरणार. भर रस्त्यात, या वयात, डोळ्यांना धार लागली. रुमाल काढायला गेलो आणि एस्तेरचं कार्ड खिशातून खाली पडलं.

लारीवाली बाई खानदेशची होती. तिनं कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"हाई बळतं झाड मी देखेल शे," ती म्हणाली.

"कुठं, बाई?"

"मन्ही पोर जठे शिकाले जास ना, त्या ताईना घरमा. गणपतीना बाजूले लायेल शे."

पहिलं कार्ड! पोरीनं ते भिंतीवर लावून ठेवलं होतं. बाईनं कढई खाली उतरवली, लारी तशीच सोडली आणि दोन गल्ल्या पलीकडे मला दारापर्यंत नेऊन पोचवलं. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. म्हाताऱ्याच्या खिशातून कार्ड पडलं, त्यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे बापडा, मी वाद घालत नाही. मी त्या बाकड्यावर हरून बसलो होतो आणि माझं शोधणं संपलं होतं, एवढं मला पक्कं माहीत आहे.

एस्तेरनं दार उघडलं. मी कार्ड पुढे केलं. तिनं ते घेतलं नाही.

"बाबा, तुम्ही ताट पुढे नेलंत," ती म्हणाली.

"नेलं," मी म्हणालो. "चुकलं माझं, बाळा. आई चाललीये गं."

 तिनं माझ्या हातातलं कार्ड घेतलं. मग नवऱ्याला हाक मारून काहीतरी सांगितलं आणि पायात चपला घातल्या.

त्यानंतर चार दिवसांनी ही गेली. नाताळनंतर मराठी उपासनाही बंद झाली. मी जे वाचवायला म्हणून प्रार्थना करत होतो, त्यातलं काहीच वाचलं नाही, आणि वाया गेलेली नऊ वर्षं कुणी परत दिली नाहीत. अजूनही दुपारी तिची रिकामी खाट बघवत नाही. तरी मी आभार मानतो. प्रभूच्या मेजाचा पहारेकरी मीच, असं मी आयुष्यभर समजत आलो. ते मेज माझं नव्हतंच, हे मान्य करायला मला आधी पार मोडावं लागलं. इतिहास मी लिहून दिला, सात संसारांपासून. ते पानही घातलं, आणि वहीत नसलेलं ताटही. शेवटची नोंद मात्र आमच्या घरातल्या एका सकाळची आहे.

एस्तेर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. त्यांनी भाकर मोडली आणि सवयीनं ताट माझ्या हातात दिलं. मी ते परत त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा एस्तेरनंच ते काढून घेतलं. हिला गिळवत नव्हतं, तेव्हा एक कण द्राक्षरसात भिजवून तिनं आईच्या ओठांना लावला. मग स्वतः घेतला. दोघींची कार्डं तबकात पडली होती. माझं कार्ड नव्हतं. मी मान खाली घातली आणि ती ताट घेऊन पुढे जाण्याची वाट पाहू लागलो. तिची पावलं माझ्यासमोर येऊन थांबली.

"घ्या, बाबा," ती म्हणाली.