‘नाही दिसत’ हेही ऐकून घेणाऱ्या बाई

डॉ. मालतीबाई वैरागडे यांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या रागावण्यातून झाली. पावर हाउस नावाच्या वस्तीजवळच्या त्यांच्या दवाखान्यात डोळे तपासण्याच्या कामावर मी रुजू झाले, त्याच दिवशी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या एका आजींना मी सहज म्हटलं, “घाबरू नका, सगळं लख्ख दिसेल.” बाईंनी मला बाजूला घेतलं. “हे सांगणाऱ्या तुम्ही कोण? डोळा साफ करणं आपल्या हाती. दिसणं मेंदूच्या हाती.” आज बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि मी अजूनही त्यांना थोडी घाबरते.

त्या बोलण्याचा अर्थ मला माझ्याच घरी कळला. माझे बाबा पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन जवळच्याच रिसाली वस्तीत राहतात. त्यांच्या डाव्या डोळ्यात लहानपणापासून मोतीबिंदू होता; कुणी लक्ष दिलं नाही. पुढे उजवा डोळा काचबिंदूनं गेला. बाईंनी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली, ती उत्तम झाली, तरी बाबांना माणसांच्या नुसत्या आकृती दिसत. त्या डोळ्यानं पाहायला मेंदू कधी शिकलाच नव्हता. मग रायपूरच्या एका मेंदूतज्ज्ञ स्नेह्यांच्या देखरेखीखाली, डोक्याला बाहेरून अगदी सौम्य वीज देऊन मेंदूला चालना देण्याचा उपाय बाईंनी सुचवला. ओल्या स्पंजाच्या पट्ट्या आधी त्यांनी स्वतःच्या डोक्याला बांधून दाखवल्या.

“नातीचं तोंड दिसन का मले, बाई?” बाबांनी विचारलं.

“सांगता येत नाही, भाऊ. हा उपाय अजून अजमावून पाहिला जातोय.”

काही आठवड्यांत बाबा तक्त्यावरच्या खालच्या ओळी धडाधड वाचू लागले. मला रडू आवरेना. बाईंनी मात्र तक्ता बदलला, आणि बाबांना एकही ओळ वाचता येईना. बाहेरच्या बाकावर बसून, आत इतर रुग्ण मोठ्यानं वाचत ते ऐकून त्यांनी अक्षरं पाठ केली होती.

“कावून केलं असं, भाऊ?” बाईंनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“तुमी येवढी मेहनत करून राहिल्या. तुमाले रिकाम्या हातानं कसं पाठवू?”

बाई हळूच म्हणाल्या, “मले खरं पाहिजे, भाऊ. तुमच्यामागून दुसरं कोणी या खुर्चीत बसन. त्याले मी काय सांगू?”

उपाय ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला. शेवटच्या तपासणीला नातही आली होती. बाईंनी तिला बाबांच्या समोर, उजेडात बसवलं. बाबा पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

“नाही दिसत, बाई,” ते म्हणाले.

‘फायदा नाही’ असं बाईंनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलं, आणि उठून बाबांना हात जोडले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि आपण कुणाच्या हाताखाली काम करतो याचा अभिमानही वाटला.

मी हा लेख लिहितेय हे कळल्यावर बाबा म्हणाले, “लिहून दे, माह्या वाटचं आयुष्य बाईंले लागो.” बाई हे वाचतील तेव्हा, आयुष्य असं देता येतं याला पुरावा काय, असं विचारतील. विचारू देत. आम्ही दोघं तरीही मागतो : बाईंना उदंड, निरोगी आयुष्य मिळो, आणि बाईंच्या देखतच, त्या खुर्चीत बसलेल्या कुणाला तरी आपल्या नातीचं तोंड दिसो.