काचेच्या देवाचा तळ

काळजी करण्यात आमच्या व्याह्यांची बरोबरी करील असा माणूस उभ्या वाशिम जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच, तर त्या बिचाऱ्याचं कसं होईल याची काळजी व्याहीच करत बसतील. माझी मुलगी त्यांच्या घरी दिली, त्या लग्नात सगळे पंगतीत रंगले होते आणि हे वरपिता मांडवाचा एक खांब धरून उभे होते. खांबाला काही झालेलं नव्हतं. "वारं सुटलं त?" एवढंच त्यांचं म्हणणं. अनसिंगला त्यांचं घर, थोडं सोयाबीन, थोडी तूर. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. कुठं निघाले की कुलूप लावतात, कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघतात, आणि ओढल्यामुळं ते सैल झालं असेल या धास्तीनं पुन्हा फिरतात. गाडी चुकू नये म्हणून इतक्या लवकर स्टेशनावर जातात की आधीची गाडीसुद्धा त्यांना मिळते. पण ती आपली नव्हे म्हणून तिच्यात बसत नाहीत. आमच्या विहीणबाई म्हणतात, "यायले फिकर नसली, त काहून नाई याची फिकर लागते." एवढं बोलून त्या आपल्या कामाला लागतात.

अशा माणसाच्या देवघरात एक काचेचा गोळा होता. व्याह्यांचे वडील मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. तिथली एक इंग्रज नर्स मायदेशी परतताना हा गोळा त्यांच्या हातात ठेवून गेली. मुठीएवढा, आत निळीपांढरी फुलं. इतकी देखणी वस्तू टेबलावर ठेवणं त्या भल्या माणसाला बरं वाटेना, म्हणून त्यानं ती देवांत नेऊन ठेवली. व्याह्यांच्या आईनं पहिल्याच दिवशी हळदकुंकू वाहिलं, दसऱ्याला तेलात कालवून शेंदूर लावला, आणि मग दर दसऱ्याला लावत गेली. सासूमागं विहीणबाईंनी तो नेम चालवला. शेंदराची खोळ इतकी जाड झाली, की माथ्यावरच्या रुपयाएवढ्या उघड्या जागेतून तेवढी फुलं दिसत. गेल्या दिवाळीत देवघर आवरताना माझ्या मुलीनं त्या जागेतून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मामाजी, हा त पेपरवेट हाय!" विहीणबाई दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. पण व्याह्यांच्या जिवाला मात्र तेव्हापासून नवा घोर लागला. हा देव असेल तर बरंच आहे, पण पेपरवेट असेल, तर तो केला कोणी?

मग त्यांनी फोनवर काचसामान जमवणाऱ्या इंग्रज मंडळींचा एक गट शोधून काढला. माणूस नागपूरच्या पुढे कधी गेला नाही. पण भूगोलाचा मास्तर! इंग्लंडातल्या भट्ट्या त्यांना तुरीच्या ओळींसारख्या पाठ झाल्या. माथ्यावरच्या फुलांचा फोटो पाहून तिथल्या जाणत्यांनी सांगितलं की, ही धाटणी एका लहानशा कारखान्याची दिसते. कारखाना म्हणजे काय, तर एका खेड्यातली पत्र्याची शेड आणि हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी माणसं. तो बंद पडून जमाना झाला. कोणी सुरू केला, भट्टी कोणी बांधली, फुलं कोण करायचं, याचा व्याह्यांनी असा पिच्छा पुरवला, की ती मंडळी यांच्याही घरच्यांची चौकशी करू लागली. तुरीत उभं राहून हे त्या खेड्याचं हवामान बघायचे आणि मला फोन करायचे, "इवाई, तिकडं लय थंडी पडून राह्यली." मी म्हणायचो, "पडू द्या ना!" त्यावर ते फोन ठेवून द्यायचे, आणि मलाच उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

एक दिवस मात्र ते स्वतःच वाशिमला येऊन थडकले. चेहरा उतरलेला. त्या गटातल्या एका मुलीनं कळवलं होतं की, तिची आजी त्याच शेडमध्ये काम करायची, आणि त्या माणसांपैकी आता तीच एकटी उरली आहे. हिंदुस्थानात निघालेल्या एका नर्स मैत्रिणीला आपण असा गोळा दिला होता, असं म्हातारी म्हणते. तिथं जो तो आपल्या कामाच्या तळाशी आपलं अक्षर कोरायचा. तळ पाहिला तर ती ओळखेल. पण ती अंथरुणाला खिळलीय, दृष्टीही जायला लागलीय. "अन् तळ त शेंदराखाली हाय," व्याही म्हणाले. "खरडलं त देव कोपते, नाई खरडलं त म्हातारी जाते. मी करू काय?" विहीणबाईंनी आधीच निक्षून सांगितलं होतं की, शेंदूर आपणहून गळाला तर गळाला, हात कोणी लावायचा नाही.

मी शिष्टाई करायला अनसिंगला गेलो. देव, काच, इतिहास असं बरंच बोललो. विहीणबाई तूरडाळ निवडत ऐकत होत्या. माझं सगळं झाल्यावर त्यांनी व्याह्यांना विचारलं, "कोन करते तिचं?"

"नात करते."

"तिले खरंच पाह्याचं हाय, का तुमीच मांगं लागले?"

व्याह्यांनी नातीचा निरोप मराठी करून वाचला. रोज विचारते म्हणे, फोटो आला का. विहीणबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "घडवनारीले पाह्याचा हक्क हाय. इतके वर्सं आपनच पाह्यलं."

त्यांनी देवासमोर हात जोडले, कानाला हात लावला, गोळा ताटात घेतला आणि तेलाचं बोट फिरवत मऊ फडक्यानं शेंदूर सोडवायला बसल्या. ताट मी धरलं. व्याह्यांना बघवेना, ते अंगणात जाऊन "हळू वो, हळू" म्हणत फेऱ्या घालत राहिले. सासूच्या हातचे थर निघताना विहीणबाईंचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. सगळी काच स्वच्छ झाली तरी कोरलेल्या खाचेत तेवढा शेंदूर राहिला, त्यामुळं तळावरचं अक्षर लख्ख केशरी दिसत होतं. व्याह्यांनी काढलेले फोटो सगळे हलले. शेवटी माझ्या मुलीनं एक नीट काढला.

त्याच संध्याकाळी उत्तर आलं. म्हातारीनं फोन डोळ्यांशी धरून आपलं अक्षर ओळखलं होतं. पुढं तिनं एकच विचारलं होतं, तडा तर गेला नाही ना? काच सावकाश थंड करावी लागते. त्या दिवशी निवायची भट्टी मध्येच विझली, आणि घाईत निवलेली काच कित्येक वर्षांनंतरही आपोआप तडकू शकते. मैत्रिणीची गाडी होती, म्हणून तसाच दिला. पण तेव्हापासून तिच्या मनाला रुखरुख होती. हे वाचताना व्याह्यांचा आवाज बदलला. "इवाई," ते म्हणाले, "ते बी माह्यासारखीच निंघाली." इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी या माणसाची थट्टा केली, पण तेव्हा मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यांनी गोळा दिव्यासमोर धरून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि कळवलं, तडा नाही. मग ते रोजच कळवू लागले. आजही ठीक आहे. तिकडून नात लिहायची, आजी ऐकून झोपली.

मध्यंतरी एका दुपारी मी अनसिंगला गेलो, तर व्याही ओल्या केसांनी ओसरीवर बसलेले, अंगावर नुसता पंचा. विहीणबाईही न्हाऊन आल्या होत्या. भर दुपारी घरात सगळ्यांची आंघोळ म्हणजे कुठून तरी निरोप आलेला.

"कोन गेलं, इवाई?"

व्याह्यांनी देवघराकडं पाहिलं आणि म्हणाले, "आपली म्हातारी गेली."