अरअरची हिरवी पट्टी

नातीने पेन्सिलीला टोक केलं की येतो, तसाच वास त्या रानात येत होता. मुलगा तेव्हा सौदीत, खमीस मुशैतला एसीच्या कामावर होता आणि मी त्याच्याकडे राहायला गेले होते. एका शुक्रवारी त्याने मला गावाबाहेरच्या डोंगरावर नेलं. वाळवंटाच्या देशात एवढं थंड रान असेल असं वाटलं नव्हतं. झाडं अरअरची, सुरूसारख्या बारीक पानांची, पण दोघांच्या कवेत मावणार नाहीत एवढी जाड. बघावं तिकडे शेंडे मात्र वाळून पांढरे पडलेले. चहाच्या सरपणासाठी मुलाने एका वाळक्या झाडावर कोयता उचलला. शेळ्या चारणारा एक अरबी म्हातारा हाताने तोडायची खूण करत म्हणाला, "खलास, खलास." "थांब रे," मी म्हटलं. आमच्या कोकणात साल खरवडून बघितल्याशिवाय आंब्याला मेला म्हणत नाहीत. मी नखाने खरवडलं. कोरडं. "आई, तुझं नख मोडेल," मुलगा हसला. मी मागच्या बाजूला जाऊन खरवडलं, तर ओलं हिरवं लागलं. एवढ्या थोरल्या बुंध्यावर तळहाताएवढी एकच पट्टी जिवंत होती आणि ती वर एका फांदीला पोसत होती. फांदी निळ्या फळांनी लगडलेली. म्हाताऱ्याने बोट लावून ओल पाहिली आणि मुलाच्या हातातला कोयता काढून घेतला. चहा झालाच नाही. ते झाड आज आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण इतकं हट्टी दुसरं काही मी बघितलेलं नाही, आणि मी आरशात रोज बघते.