समईचं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तसं पाहिलं तर गोष्ट एका फ्लॉपीची — आता फ्लॉपीचं कुणाला काय पडलंय?

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रामर होते. नव्वदीची सुरुवात. मोबाइल तेव्हा आमच्यापैकी कुणी पाहिलाही नव्हता, पण हातात मावेल असा एक कॉम्प्युटर ऑफिसात आला होता. त्याच्यासाठीचे प्रोग्राम मोठ्या कॉम्प्युटरवर लिहायचे, मग आवळून, बांधून त्या चिमुकल्या यंत्रात घालायचे. ही बांधाबांध हाताने करण्यात दोन दिवस जायचे. वनिताने ती एका कमांडवर आणली. वनिता — खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, घरातली पहिली पदवीधर, माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि माझ्याहून हुशार. हे शेवटचं लिहायला मला आत्ताही वेळ लागला.

तिचं काम खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुरं झालं. हार्ड डिस्कवर जागा नसायची, म्हणून सगळं एका फ्लॉपीवर घेतलेलं, डिस्कवरचं पुसून टाकलेलं. साहेब म्हणाले, आपलं हत्यार हेच, पूजेत ठेवा. पूजा अर्थातच माझ्याकडे. आमच्या घरचं सोवळंओवळं सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी खोलीत मी एकटीच होते. समईत तेल घालताना हात हलला आणि फ्लॉपीच्या उघड्या फटीवर तेल सांडलं. मी पदराने टिपलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

दुपारी वनिता आली. "ताई, एक कॉपी काढून ठेवूया का?"

"पूजेतलं हत्यार उचलत नाहीत गं," मी म्हटलं. धर्म कसा वेळेवर धावून आला, नाही?

दसरा झाला आणि फ्लॉपी काही वाचली जाईना. साहेबांनी ती खिडकीशी धरली तर तेलाचा डाग. "हे काय?" तेव्हा सांगता आलं असतं. चूकच होती ती, फार तर बोलणी बसली असती. मग का नाही सांगितलं? भ्यायले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण — खरं सांगू? तिचं काम गेलं, याचं मला बरं वाटलं होतं.

मी म्हटलं, "समई लांब होती, साहेब. वनिता टेबलावर डबा खाते."

एवढंच. पुढचं त्यांचं त्यांनीच केलं. साहेबांनी फ्लॉपी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. तिळाच्या तेलाला त्यांना सुकटीचा वास आला. त्याच आठवड्यात वनिताला काढून टाकलं.

तिच्या खणात पुढे टिपणांची एक वही सापडली. त्या वहीवरून मी तो प्रोग्राम पुन्हा उभा केला. सुरू केला की पडद्यावर माझं नाव यायचं. त्याच जोरावर बढती मिळाली, पुढच्या नोकऱ्याही मिळाल्या. वनिताला पुन्हा कुणी कॉम्प्युटरपाशी बसवलं की नाही, मला ठाऊक नाही. कोळीवाडा काही लांब नव्हता. मी कधी गेले नाही.

नोकरी सुटली त्या दिवशी वनिता माझ्या टेबलापाशी थांबली होती. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"ताई, मी डबा मागे मोरीपाशी खायचे. तुम्हीच सांगितलेलं ना, वास येतो म्हणून."

मी कागद चाळत राहिले. ती गेली तेव्हा जेवणाची सुट्टी होत होती. मी डबा काढला आणि टेबलावरच उघडला, रोजच्यासारखा.